मोटार रॅली : वेग, भरवसा आणि चालकाची निवड

मोटार रॅली ही घड्याळाशी लावलेली शर्यत आहे. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडली जाते आणि टप्प्याटप्प्याची वेळ व दंड मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता ठरतो. चालकाशेजारी नकाशा आणि वेळेचा हिशेब सांभाळणारा सहचालक असतो, तर ठरलेल्या थांब्यांवर मेकॅनिकांचा ताफा वाट पाहत असतो. या बेरजेमुळे प्रत्येक चालकापुढे एक जुना पेच उभा राहतो. गाडी किती पळते याला महत्त्व द्यायचे की ती किती टिकते याला? कोणत्या संघाकडून उतरायचे हे ठरवताना चालक मानधनाचा आणि नावाचा विचार करतोच, पण निर्णय बहुतेक वेळा याच प्रश्नाच्या उत्तरावर होतो. त्या उत्तराचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे, आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्राच्या भूमीवर घडली.

सुरुवातीला वेगाचे फारसे कौतुक नव्हते. २२ जुलै १८९४ रोजी फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआँ अशी १२६ किलोमीटरची बिनघोड्यांच्या गाड्यांची स्पर्धा झाली. काउंट द दिऑन यांची वाफेची गाडी सर्वांच्या आधी पोहोचली, तरी पहिले बक्षीस तिला मिळाले नाही. तिला कोळसा घालायला वेगळा माणूस लागत असे आणि नियमाप्रमाणे गाडी हाकायला सोपी, सुरक्षित व खर्चाला हलकी असायला हवी होती. बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या पनार-लव्हासोर आणि पेजो यांच्यात वाटून दिले गेले. पुढे शहराशहरांमधल्या शर्यतींनी वेगाचे वेड लावले, पण ब्रिटनमध्ये १९०० साली ऑटोमोबाइल क्लबने हजार मैलांची चाचणी घेतली ती मोटारीवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून. तिचे संयोजक क्लॉड जॉन्सन पुढे रोल्स-रॉईसचे व्यवस्थापक झाले आणि चाचणी हेच जाहिरातीचे उत्तम साधन हा धडा त्यांनी तिकडे नेला.

हिंदुस्थानात मोटारीला दुहेरी परीक्षा द्यावी लागली. इथे तिच्यासमोर घोडागाडी होतीच, शिवाय रेल्वेही होती. जेऊरचे उदाहरण बोलके आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले हे गाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पुणे-सोलापूर मार्गावर येते. या मार्गाचा डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा भाग १८५९ साली वाहतुकीला खुला झाला आणि पुढच्याच वर्षी गाडी सोलापूरला पोहोचली. म्हणजे मोटार या भागात येण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी जेऊरकरांच्या दारावरून वेळापत्रकाने धावणारे वाहन जात होते. करमाळा हे तालुक्याचे गाव मात्र रुळांपासून दूर. स्टेशनावर उतरून पुढे जायचे तर बैलगाडी किंवा टांगा, आणि रस्ता म्हणाल तर भीमेच्या खोऱ्यातली काळी जमीन. ही जमीन पावसात फुगते, चाक आसापर्यंत रुतते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि गाडीवाटेवर घोटाभर फुपाटा साचतो. दख्खनच्या पठारावर मोटारीला आपली लायकी सिद्ध करायची होती ती अशा वाटांवर. ताशी किती मैल पळते याला इथे कोण विचारणार? रस्त्यात बसली नाही म्हणजे झाले, एवढीच अपेक्षा होती.

त्यामुळे मुंबईतल्या हौशी मोटारवाल्यांनी स्थापन केलेल्या मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने शर्यती न भरवता चाचण्या भरवल्या, यात नवल नाही. १९०४ सालच्या अखेरीस दिल्लीहून निघून मुंबईला पोहोचायचे अशी मोठी चाचणी तिने घेतली. पण महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली ती १९०८ सालची मुंबई-कोल्हापूर चाचणी.

कोल्हापुरात तेव्हा राजर्षी शाहू महाराजांचे राज्य होते आणि मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे येऊन सतरा वर्षे झाली होती. चाचणीचे एकूण अंतर ६२० मैलांचे होते आणि वाटेत सहा अवघड घाट होते. सह्याद्रीचा घाट हा त्या काळातल्या मोटारीचा खरा वैरी. मुंबईहून पुण्याकडे येताना बोरघाट, पुण्यापुढे कात्रज आणि खंबाटकी ही नावे आजही ट्रकचालकांच्या तोंडी आहेत. तेव्हाच्या गाड्यांना तर चढावर रेडिएटरमधले पाणी उकळणे, क्लचचे चामडे जळणे आणि उतारावर ब्रेक तापून निकामी होणे ही रोजची दुखणी होती. सपाटीवर पळणारी हलकी गाडी घाटात दम टाकत असे, आणि घाट चढणारी जड गाडी कच्च्या रस्त्यावर टायर खात असे.

या चाचणीत इंग्लंडहून आलेले फ्रँक नॉर्बरी रोल्स-रॉईस ४०/५० ही नवी गाडी घेऊन उतरले. 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचे नाव पुढे प्रसिद्ध झाले. याच बनावटीच्या एका गाडीने आदल्या वर्षी ब्रिटनच्या रस्त्यांवर १४,३७१ मैल न बिघडता चालण्याचा विक्रम केला होता. त्या चाचणीच्या आरंभी धक्क्याने पेट्रोलचा नळ बंद झाला, तेवढाच काय तो अनपेक्षित थांबा. पण लंडन-ग्लासगोचा रस्ता वेगळा आणि कोल्हापूरचा वेगळा. मुंबई-कोल्हापूर चाचणीत या गाडीने अव्वल बक्षिसे पटकावली आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. शिंदे मोटारींचे मोठे शौकीन होते. संस्थानिकांनी रोल्स-रॉईस का घेतल्या, याची चर्चा नेहमी थाट आणि श्रीमंतीच्या अंगाने होते. ते खरेच, पण हिंदुस्थानात या गाडीचे नाव झाले त्यामागे सह्याद्रीतल्या चाचणीचा वाटा होता, हे विसरले जाते.

या यशाचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण वेग आणि भरवसा हे नेहमी एकमेकांच्या विरुद्धच असतात असे नाही, हे त्यातून दिसते. सहा सिलिंडरचे सात लिटरचे इंजिन निम्म्या ताकदीने चालवले तरी घाट चढत असे. जे यंत्र कधीच पूर्ण ताणले जात नाही ते तुटतही नाही. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस मोहिमेतही हेच घडले होते. पाच गाड्यांपैकी इटलीच्या प्रिन्स बोर्गेसे यांची ईटाला सर्वांत ताकदवान आणि जड होती. ती चिखलात रुतेल आणि हलक्या गाड्या पुढे जातील, असे अनेकांचे भाकीत होते. प्रत्यक्षात ईटाला १० ऑगस्टला पॅरिसला पोहोचली आणि हलक्या द दिऑन व स्पायकर त्यानंतर सुमारे वीस दिवसांनी आल्या. शर्यतीत भाग घेणाऱ्यांनी यातून घेतलेला बोध असा की राखीव ताकद हाही भरवशाचाच एक प्रकार आहे. मात्र ती ताकद विकत घ्यायला राजाचा खजिना लागत होता.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात रॅलीचे रूप बदलले. टप्प्यांसाठी सरासरी वेग ठरवून दिला जाई, आणि तो न गाठणाऱ्याला दंड होई. चालकांची हुशारी वाढली, तसा तो सरासरी वेगही वाढत गेला. १९५० नंतर बंद रस्त्यांवरचे वेगवान टप्पे आले आणि त्यांची वेळ सेकंदात मोजली जाऊ लागली. भारतात मात्र या काळात चालकाच्या निवडीला फारसा अर्थच नव्हता.

याचे कारण उद्योगाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास पुन्हा सोलापूरकडे येतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी लक्ष्मण बळवंत फाटक या माजी रेल्वे कारकुनाबरोबर भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेच्या एका फाट्याचे कंत्राट घेतले आणि तिथून बांधकाम, जहाजे, विमाने असा त्यांचा व्याप वाढत गेला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली; तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. आरंभी तिथे अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात. १९५० च्या दशकात फियाटशी करार झाला आणि फियाट ११०० ही गाडी तिथे तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. आयातीवर बंदी आणि नव्या गाडीसाठी काही वर्षांची प्रतीक्षायादी असल्याने भारतातल्या रॅलीचालकापुढे तीनच पर्याय होते : कुर्ल्याची फियाट, कोलकात्याची अ‍ॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड.

या तिघींचे स्वभाव गॅरेजमधल्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ होते. अ‍ॅम्बेसेडर जड आणि सोशिक. खड्ड्यांना ती बधत नसे, पण वळणावर तिला आवरणे म्हणजे हातांना काम. हेराल्ड चपळ, पण तिच्या मागच्या अर्ध-अ‍ॅक्सलची रचना अशी की जोरात वळण घेतल्यावर मागचे चाक आत मुडपत असे. फियाटचे १०८९ सीसीचे इंजिन लहान असले तरी उत्साही होते आणि बॉडी हलकी. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, जुळे कार्ब्युरेटर बसवायचे, इंजिनाच्या तेलाच्या संपखाली लोखंडी पत्रा ठोकायचा, की घरची फियाट रॅलीची झाली. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या भारतीय रॅलींत ती जागोजागी दिसत असे. इथे वेगासाठी वाढवलेली एकेक अश्वशक्ती थेट टिकाऊपणातून वजा होत असे. घासलेले हेड उन्हाळ्याच्या दुपारी गॅस्केट उडवी. त्यामुळे चालक कोणत्या संघाकडे जायचे हे विचारत नसे. कोणत्या मिस्त्रीकडे जायचे, हे विचारत असे. अनुभवी मिस्त्रीच्या हातची जरा संथ गाडी पसंत करणारे पुष्कळ होते, आणि तो निर्णय शहाणपणाचा होता.

या बंदिस्त बाजारपेठेत १९६८ च्या डिसेंबरात मुंबईकरांनी जगातले उत्तमोत्तम रॅलीचालक एकत्र पाहिले. वेग आणि भरवसा यांच्या इतिहासात इतका स्वच्छ प्रयोग दुसरा झालेला नाही.

लंडनच्या 'डेली एक्सप्रेस' वृत्तपत्राचे सर मॅक्स एटकेन यांच्या पुढाकाराने लंडन ते सिडनी अशी मॅरेथॉन रॅली ठरली. पाउंडाच्या अवमूल्यनाने खचलेल्या ब्रिटनला आणि त्याच्या मोटार निर्यातीला उभारी द्यावी हा हेतू. पहिले बक्षीस १०,००० पाउंड. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनमधून ९८ गाड्या सुटल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि खैबर खिंडीतून दिल्ली, आणि दिल्लीहून मुंबई. मुंबईत आशियाई भाग संपला. तिथून 'चुसान' या पी अँड ओ कंपनीच्या जहाजाने ७२ गाड्या ऑस्ट्रेलियाला नेल्या. पर्थपासून सिडनीपर्यंतचा उरलेला भाग ओसाड प्रदेशातून सुमारे तीन दिवसांत पार करायचा होता.

मुंबईत पोहोचलेल्यांत आघाडीवर होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क. त्याची फोर्ड लोटस कोर्टिना ही शर्यतीच्या मैदानावरून आलेली गाडी होती : जुळ्या कॅमशाफ्टचे इंजिन आणि चपळ बांधा. तुर्कस्तानातल्या सिवास ते एर्झिंजान या डोंगरी टप्प्यात त्याने ताशी जवळपास ६० मैलांची सरासरी गाठली होती. दुसऱ्या क्रमांकावर सिमो लाम्पिनेनची जर्मन फोर्ड टाऊनस, तिसऱ्या क्रमांकावर ल्युसियाँ बियांकीची सित्रोएन डीएस. मुंबईच्या गोदीतच निकाल लावायचा असता तर वेग जिंकला होता.

स्कॉटलंडचा अँड्र्यू कॉवन याने मात्र आधीपासून वेगळाच हिशेब केला होता. तो रूट्स कंपनीच्या हिलमन हंटरमधून आला होता. ही साधी, १७२५ सीसीची कुटुंबाची गाडी, जिचा भाऊबंद पुढे इराणमध्ये 'पेकान' म्हणून दशकानुदशके टॅक्सीत चालला. सिडनीपर्यंत जेमतेम अर्धा डझन गाड्या पोहोचतील असे धरून कॉवनने कंपनीकडे मागणी केली होती ती शेवटी येणाऱ्या गाडीची! म्हणजे जी पोहोचणाऱ्यांत शेवटची असली तरी चालेल, पण पोहोचेल अशी गाडी. हा अंदाज चुकला. सिडनीपर्यंत ५६ गाड्या आल्या. पण मागणी अचूक ठरली.

ऑस्ट्रेलियात क्लार्कच्या गाडीचा पिस्टन गेला. फोर्डच्याच दुसऱ्या चालकाच्या गाडीतले सुटे भाग काढून ती दुरुस्त करावी लागली. मग डिफरन्शियल तुटले. रस्त्याकडेला दिसलेल्या एका खाजगी कोर्टिनाच्या मालकाला मनवून त्याचा मागचा अ‍ॅक्सल विकत घेतला आणि बसवला, पण त्यात ८० मिनिटे गेली. टाऊनस एका फाटकाच्या खांबावर आदळली आणि तिचा स्टिअरिंगचा दांडा मोडला. आता आघाडी बियांकी आणि त्याचा सहकारी ओजिए यांच्या सित्रोएनकडे होती. सिडनी अवघे ९८ मैल उरले असताना, नौरा या गावाजवळ, त्यांची समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि दोघेही जखमी झाले. मागून येणारा पॅडी हॉपकर्क थांबला, त्याने जखमींना मदत केली आणि पेटलेल्या गाड्या विझवल्या. पुढे कॉवन पहिला आला, हॉपकर्क ऑस्टिन १८०० मधून दुसरा आणि ऑस्ट्रेलियाचा इयन व्हॉन फोर्ड फाल्कन जीटीतून तिसरा. सांघिक बक्षीसही त्याच फाल्कनच्या चमूने नेले. हॉपकर्कने दाखवलेली माणुसकी त्याला महागात पडली असे वाटू शकते, पण तसे नाही; दंडाच्या हिशेबात तो कॉवनच्या मागेच होता आणि त्या टप्प्यात दोघांनाही दंड झाला नाही.

या शर्यतीला नशिबाचा खेळ म्हणणारे आहेत, आणि बियांकीचा अपघात पाहता ते सर्वस्वी चूकही नाहीत. तरीही कॉवनचे यश योगायोगाचे नव्हते. १९७७ साली हीच रॅली पुन्हा झाली, पुन्हा भारतातून गेली, आणि कॉवनच पुन्हा जिंकला, या वेळी मर्सिडीज-बेंझ २८० ई मधून. पुढे त्याने युरोपात मित्सुबिशीचा रॅली संघ चालवला. त्या संघाच्या लान्सरमधून फिनलंडच्या टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक विजेतेपदे मिळवली. शेवटी येणारी गाडी मागणाऱ्या माणसाने जगातली एक अतिशय वेगवान रॅली कार घडवली, यात विसंगती नाही. अंतर १६,००० किलोमीटरवरून काही शे किलोमीटरवर आले की हिशेब उलटतो.

तो हिशेब समजायला सोपा आहे. समजा एका रॅलीत वेगवान टप्प्यांचे एकूण अंतर २०० किलोमीटर आहे आणि एका संघाची गाडी दुसऱ्यापेक्षा किलोमीटरमागे एक सेकंद जलद आहे. तर पूर्ण रॅलीत फायदा २०० सेकंदांचा, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंदांचा. टप्प्यात पंक्चर झालेले चाक बदलायला दोन-तीन मिनिटे जातात. म्हणजे एका पंक्चरमध्ये बहुतेक कमाई गेली, आणि गिअरबॉक्स गेला तर रॅलीच गेली. आता हीच जलद गाडी चारपैकी एकदा बंद पडत असेल तर चालकाने काय करावे? एकाच रॅलीत जिंकायचे असेल तर जलद गाडी घ्यावी. वर्षभराच्या गुणांवर विजेतेपद ठरणार असेल तर संथ.

आफ्रिकेतल्या सफारी रॅलीने हे वारंवार दाखवले. युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या शेखर मेहता यांनी ती १९७३ आणि मग १९७९ ते १९८२ अशी पाच वेळा जिंकली, नेहमी डॅटसनमधून. त्यांची १६०-जे ही गाडी कागदावर मर्सिडीजच्या मोठ्या कूपेंपुढे किरकोळ होती. पण तिचे भाग साधे होते, मेकॅनिकांना डोळे मिटून बदलता येत, आणि गावोगावी डॅटसनचे दुकान होते. केनियाचे जोगिंदर सिंग यांनी तर १९६५ साली एक वापरलेली व्होल्वो घेऊन ही रॅली जिंकली होती.

भारताची स्वतःची मोठी रॅली आली ती १९८० मध्ये, मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या हिमालयन रॅलीच्या रूपाने. १९८८ पासून राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद सुरू झाले. त्याच सुमारास टायर कंपन्या, विशेषतः एमआरएफ आणि जेके टायर, संघ चालवू लागल्या, आणि भारतीय चालकाला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने संघ निवडता येऊ लागला. मारुतीच्या गाड्यांनी तोवर फियाटची सद्दी संपवली होती. चंदीगडचे हरी सिंग यांनी मारुती जिप्सीतून राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. जिप्सी डांबरी रस्त्यावर कमी पडत असे, पण पाट्यांच्या स्प्रिंगा आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा यांमुळे दगडधोंड्यांत तिला तोड नव्हती. एस्टीम आणि नंतर मित्सुबिशी लान्सर आल्यावर वेगाचे पारडे जड झाले. पुढे महिंद्राने चाकणच्या कारखान्यातली एक्सयूव्ही ५०० ही डिझेल गाडी रॅलीत उतरवली आणि दिल्लीच्या गौरव गिलने ती चालवली. अशी उंच, जड गाडी हलक्या गाड्यांपुढे टिकणार नाही, असा अनेकांचा होरा होता. खडबडीत रस्त्यांवर तो खोटा ठरला. नाशिकच्या परिसरातही राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि तिथल्या मुरमाच्या वाटांवर सस्पेन्शन मजबूत असणे हे इंजिनाच्या ताकदीइतकेच कामाला येते. गिलने आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा जिंकले. या तिन्ही वेळी तो एमआरएफच्या स्कोडा फाबियात होता. एकाच संघात टिकून राहणे हाही भरवशाचा भाग असतो, पण त्याची चर्चा कमी होते.

जागतिक पातळीवर संघनिवडीचे सर्वांत शिकवणारे उदाहरण फ्रान्सच्या सेबास्तियाँ ओजिएचे आहे. फोक्सवागनच्या पोलोतून २०१३ ते २०१६ अशी चार विजेतेपदे मिळवल्यावर, नोव्हेंबर २०१६ मध्ये फोक्सवागनने अचानक रॅली सोडली. ओजिएने नव्याने उतरणाऱ्या टोयोटाची गाडीही चालवून पाहिली आणि शेवटी एम-स्पोर्ट हा खाजगी ब्रिटिश संघ निवडला. त्या संघामागे कंपनीची तिजोरी नव्हती, पण अनेक वर्षांचा अनुभव होता. २०१७ मध्ये बेल्जियमच्या थिअरी नूव्हीलने ह्युंदाईतून चार रॅली जिंकल्या, ओजिएने फक्त दोन. विजेतेपद मात्र ओजिएचे झाले, कारण तो जवळजवळ प्रत्येक वेळी गुण घेऊन परतला. २००१ साली इंग्लंडचा रिचर्ड बर्न्स तर वर्षभरात एकच रॅली जिंकून जगज्जेता झाला होता. उलट टोकाची उदाहरणेही आहेत. कार्लोस साइन्झची टोयोटा कोरोला १९९८ च्या शेवटच्या रॅलीत, शेवटच्या टप्प्यात, रेषा काही शे मीटरवर दिसत असताना बंद पडली आणि विजेतेपद हातचे गेले. एस्टोनियाचा ऑट टानाक २०१९ मध्ये टोयोटातून जगज्जेता झाला आणि लगेच ह्युंदाईकडे गेला. २०२१ मध्ये पोर्तुगाल आणि सार्डिनिया इथे, दोन्ही वेळा आघाडीवर असताना, त्याच्या गाडीचे सस्पेन्शन मोडले.

नियमही या तोलात हात घालतात. बिघाडाने थांबलेल्या गाडीला दुसऱ्या दिवशी वेळेचा दंड घेऊन पुन्हा उतरू देण्याची सोय या शतकात रूढ झाली. तिने बिघाडाची किंमत कमी केली आणि चालकांना वेगाकडे ढकलले. १९६८ मध्ये अशी सोय असती तर कॉवनची गाडी कदाचित पहिली आली नसती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असतात भारतात लोकप्रिय असलेल्या टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली. त्यांत सरासरी वेग आधीच ठरवून दिलेला असतो. उशीर झाला तर दंड आणि लवकर पोहोचले तरी दंड. साध्या घरच्या गाडीतून, नवशिक्या जोडीलाही त्यात भाग घेता येतो. १८९४ च्या पॅरिस-रूआँ स्पर्धेचा मूळ विचार याच प्रकाराने जपला आहे, म्हणून काही वेगप्रेमी त्याला रॅली मानायला तयार नसतात. हा आक्षेप इतिहास पाहता टिकत नाही.

डकार रॅलीतल्या 'डकार क्लासिक' या जुन्या गाड्यांच्या विभागाचे नियमही असेच आहेत. सर्वांत जलद गाडीला नव्हे, तर ठरवून दिलेली सरासरी सर्वांत नेमकी राखणाऱ्याला तिथे गुण मिळतात. आशियाई रॅलींत अनेक वर्षे घालवलेले पुण्याचे चालक संजय टकले २०२५ च्या जानेवारीत सौदी अरेबियात याच विभागात उतरले. स्वतः खर्च उभा करून परदेशी संघाची गाडी घेणाऱ्या चालकापुढे कारखान्याच्या पगारी चालकापेक्षा वेगळे गणित असते : गाडी वाटेत बसली तर आयुष्याची संधी आणि प्रवेश-शुल्क दोन्ही वाळूत जातात. टकले यांनी फ्रान्सच्या कंपनी सहारियेन या संघाची टोयोटा लँड क्रूझर एचझेडजे-७८ घेतली. तिच्यातले ४.२ लिटरचे, टर्बो नसलेले, सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. वाळवंटात आणि खाणींत लाखो किलोमीटर चालणारे इंजिन म्हणून ते ओळखले जाते. टकले यांनी त्या गाडीतून रॅली पूर्ण केली.